भाऊजींचं लॉक

घरी उरलेल्या लॉकमधून दोरी दुसऱ्यांदा ओढली आणि ते टचकन तुटलं. भाऊजींनी दोन्ही तुकडे खिडकीच्या उजेडात धरले. चीर अगदी सरळ गेली होती, प्लास्टिकच्या एका थरावरून दुसरा थर अलगद सुटला होता. एका दमात जास्त नग निघावेत म्हणून त्यांनी ही लॉकं घरच्या थ्रीडी प्रिंटरवर आडवी न ठेवता उभी छापली होती. उभं छापलं की ताण पडल्यावर थर सुटतात, हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. चालतंय की, असं म्हणून त्यांनी स्वतःचीच समजूत घातली होती.

आणि आता मेहुण्याचा पाय प्लास्टरमध्ये होता.

डोंगरावर जाणाऱ्या त्या सगळ्या गटाचे ते भाऊजीच होते. बुटाच्या लेसला, जॅकेटच्या टोपीला, सॅकच्या दोरीला, जिथे गाठ मारायची तिथे भाऊजींचं लॉक. दाबलं की दोरी सुटते, सोडलं की घट्ट. परवा निघताना त्यांनी ती सगळ्यांना खाऊ वाटावा तशी वाटली होती आणि नेहमीसारखे सर्वांच्या पुढे चालू लागले होते. उतरताना मागून किंकाळी आली. मेहुण्याचा पाय बुटातून निसटला होता. बूट घरंगळत खाली दरीत गेला, आणि मेहुणा त्याच्यामागे चार हात.

तेव्हा भाऊजी काय बोलले होते? तो कण्हत असताना, सगळ्यांदेखत? "किती वेळा सांगितलं, लॉक घोट्यापर्यंत ओढून बसवायचं म्हणून! लक्ष कुठे असतं तुझं?"

त्यानं खाली मान घातली होती. "चुकलं, भाऊजी."

बाकीचेही एका सुरात म्हणाले होते, लॉकचा काही दोष नाही. बरोबर आलेली बायको तर सख्ख्या भावावरच उखडली होती. एवढा विश्वास! आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं पाहायचं वाकून, हे आपण कधीपासून शिकलो? भाऊजींना स्वतःची किळस आली. त्यांनी तुकडे मुठीत घेतले आणि बायकोला म्हणाले, "चल, तुझ्या माहेरी जाऊ."

मेहुणा पलंगावर पाय उंच ठेवून पडला होता. सासूबाईंचा तोफखाना चालूच होता. "बुटाची लेस धड आवळता येत नाही आणि निघाले डोंगर चढायला! आता ते सगळं बंद म्हणजे बंद. ती सॅक मी कुणाला तरी देऊनच टाकते." मेहुण्यानं भिंतीकडे तोंड फिरवलं. डोंगर म्हणजे त्याचा जीव की प्राण.

"आई, त्याला काही बोलू नका," भाऊजी उभ्याउभ्याच म्हणाले. त्यांचे कान लाल झाले होते. "चूक माझी आहे. लॉक कच्चं होतं. मी घाईत चुकीचं छापलं, आणि वर यालाच बोललो. हे बघा." त्यांनी मूठ उघडली. "पोरा, मला माफ कर. तुझा पाय माझ्यामुळे मोडला."

सासूबाईंनी लेकीकडे पाहिलं. लेक पदराशी चाळा करू लागली.

मेहुण्यानं घसा खाकरला. "भाऊजी, तुमच्या लॉकनं काही झालं नाही. ते माझ्या बुटाला नव्हतंच. मी साधी गाठ मारली होती, तीच सुटली."

"नव्हतं? मग होतं कुठे?"

"खिशात. पायथ्याशीच सगळ्यांनी काढून ठेवली. गेल्या खेपेची पटापट तुटली होती ना! पण तुम्ही एवढ्या हौसेनं बनवता, तोंडावर कोण सांगणार? म्हणून तुमची बोलणी खाऊन घेतली."

भाऊजींना तुकडे कुठे ठेवावेत तेच कळेना. निदान एका माणसानं तरी आपली लाज राखली असेल, अशा आशेनं त्यांनी बायकोकडे पाहिलं.

"तिच्याकडे काय बघताय, भाऊजी?" मेहुणा हळूच म्हणाला. "सगळ्यात आधी ताईनंच काढलं."