बाकावरचं डोकं

फुटबॉलची फायनल सुरू होती आणि इंद्रजित बाकावर बसून बुटांच्या नाड्या सोडत-बांधत होता. समोर त्याच्या जुन्या तालमीची, त्याच्याच गल्लीची टीम होती. त्यांच्या डावीकडून उंच बॉल यायचे, पण गोलसमोर डोकं लावायला कुणी नव्हतं. ते डोकं इथं बाकावर होतं.

यंदा त्याला घेऊन आलेली नवी तालीम जमिनीवरून छोटे पास खेळायची. हंगामभर त्याला एक उंच बॉल मिळाला नव्हता.

"आबा, माझा खेळ तुमच्यात बसत न्हाई. मग मला आणलासा कशाला?" त्यानं शेजारी बसलेल्या सेक्रेटरींना विचारलं.

आबांची नजर मैदानावरच होती. "तू तिकडं नसावास म्हणून."

शिट्टी वाजली. नवी तालीम एका गोलनं जिंकली. आबांनी खूण करताच पोरांनी इंद्रजितला खांद्यावर घेतलं, गुलाल फासला आणि मिरवणूक मुद्दाम त्याच्या गल्लीत नेली. हलगी त्याच्या दारासमोर थांबून कडाडली.

एरवी तो जिंकून आला की आई भाकरतुकडा ओवाळून टाकायची. आजही ती उंबऱ्यात आली. खांद्यावरून उतरून त्यानं सवयीनं डोकं पुढं वाकवलं.

आईनं दार लावून घेतलं.