छापलंय तेवढंच

नशेच्या ओव्हरडोसने मेलेल्यांच्या बातम्या आमच्या ओहायोतले पेपर कशा देतात, यावर लिंडक्विस्ट मॅडमचं संशोधन चाललंय. एकच बातमी मी आणि ब्रेंटने वेगवेगळी वाचायची, आपापला तक्ता भरायचा, मग दोघांची उत्तरं जुळतात का ते मॅडम बघतात.

शुक्रवारी त्यांनी दोघांना बोलावलं. "शेल्बी, तीनशे बातम्या जुळल्या आणि या चार ओळींत काय घोळ घातलास? 'पेट्रोल पंपाच्या टॉयलेटमध्ये तरुण मृतावस्थेत सापडला.' संपली बातमी. मृताचं नाव? ब्रेंटने लिहिलंय 'दिलेलं नाही'. तू लिहिलंयस 'ट्रॅव्हिस'. घरचे? 'आई आणि एक बहीण'. अगं, हे बातमीत आहे कुठे?"

"नाहीये," मी म्हटलं.

"स्वप्नात वाचलीस का गं?" ब्रेंट हसला.

"छापलंय तेवढंच भरायचं, मनाचं नाही. पहिल्याच दिवशी सांगितलं होतं ना?" मॅडम म्हणाल्या.

"हो."

मॅडमनी खोडरबर माझ्यापुढे सरकवलं.

 

मी भावाचं नाव खोडलं, आईला आणि मला खोडलं, आणि आमची उत्तरं शंभर टक्के जुळली.