त्रेचाळिसावी जागा

त्रेचाळिसाव्या जागी राजश्रीचा हात थांबला.

आधीच्या बेचाळीस जागा तिनं सकाळपासून सरळ केल्या होत्या. काम तसं हमालीचंच. कारखान्यांच्या अलार्म-यंत्रणेच्या ऑनलाइन माहितीपुस्तिकेत टोकदार कंसात लिहिलेला शब्द संगणकाला हुकूम वाटतो आणि तो पानावर दिसतच नाही. कंसाआधी एक तिरकी रेघ टाकली की शब्द परत येतो. बेचाळीस वेळा आला होता. लेक पियू मांडीवर झोपली होती. तिचा श्वास नीट चाललाय ना, हे राजश्री मधून मधून पाहत होती.

इथं वाक्य होतं, 'वाजणारा अलार्म बंद करण्यासाठी लिहा: अलार्म ऑफ.' पुढचा कंसातला टाकीचा नंबर गायब. नंबर दिला तर त्या एका टाकीचा अलार्म गप्प होतो. नाही दिला, तर सगळ्याच टाक्यांचे. मग कुठूनही वायू सुटू दे, कंट्रोल रूममध्ये बसलेल्याला पत्ता लागणार नाही.

पान दीड वर्षापूर्वीचं होतं. तिनं पुण्याच्या ऑफिसात तिच्या साहेबांना, सुनील सरांना फोन लावला.

"वेबसाइटवर दुरुस्त करा आणि विषय सोडा," सर म्हणाले.

"पण ज्यांनी छापून घेतलंय त्यांना कळवायला हवं ना?"

"तेहतीस कारखाने आहेत, राजश्री. कळवलं की चूक कुणाची ते विचारतील. कशाला उगाच कुणाची नोकरी घालवता?"

त्या तेहतिसांतला एक इथलाच, महाडच्या एमआयडीसीतला. सुहास, तिचा नवरा, आज तीनच्या पाळीला तिथल्या कंट्रोल रूममध्ये पहिल्यांदाच एकटा बसणार होता. आणि फोन गेटवरच जमा करावा लागतो.

तिनं पियूला ओढणीनं पोटाशी बांधलं आणि स्कूटी काढली.

गेटवर पोचली तेव्हा तीन वाजून दहा मिनिटं झाली होती. पहिली पाळी बाहेर पडत होती. त्यात सव गावचे काशीरामकाका दिसले. सुहासला काम त्यांनीच शिकवलं होतं.

"काका, सुहास आत गेले?"

"कवाच. का गो, पोर बरी हाय ना?"

"बरी आहे. काका, ते अलार्म बंद करायचं पान..."

काशीराम हसले. खिशातून चार घड्यांचा कागद काढून त्यांनी तिच्यापुढे धरला. त्या वाक्याखाली निळ्या पेनानं लिहिलं होतं, 'टाकी नंबर टाकल्याबिगर एंटर मारायचा नाय.'

"समद्या पानांवर लिवलंय. तुज्या नवऱ्याकडून तर तीनदा म्हनून घेतलंय. शाळेतल्यासारखं."

राजश्री गेटजवळच्या कट्ट्यावर बसली.

"तुम्हाला कसं कळलं?"

"दिवाळीच्या आदल्या दिशी समदे अलार्म येकदम गप. चार मिन्टं. मी टाक्यांभवती वास घेत पळत व्हतो, कुत्र्यावानी." आता ते हसत नव्हते. "ज्यानं ह्ये लिवलंय ना, त्याला त्या चार मिन्टांत माज्यासंगती पळवायला पायजे व्हता."

पियू जागी झाली होती आणि काकांच्या खिशातल्या पेनाकडे हात करत होती.

"काका, पेन देता?" राजश्रीनं विचारलं.

पानाच्या अगदी तळाला, तारखेशेजारी, बारीक अक्षरात छापलं होतं, 'लेखन: आर. एस.' त्यापुढे तिनं त्याच निळ्या शाईनं पूर्ण नाव लिहिलं. खाली फोन नंबर टाकला. मग पानाचा फोटो काढला.

"कुनाला धाडतेस गो?"

"बाकीच्या बत्तीस कारखान्यांना."

"आनि सायब?"

"नको म्हणालेत."

फोटो गेला. काशीरामनी कागद आपल्याकडे वळवला. चष्मा नव्हता, म्हणून लांब धरून एकेक अक्षर वाचलं. राजश्री साळवी. मग ते पियूकडे बघत राहिले. मनात महिने मोजत असावेत.

"तवा ही पोटात व्हती?"

"नववा लागला होता. पण ते कारण नाही, काका."

तिनं पेन पुढे केलं. काशीरामनी कागदाच्या घड्या घातल्या, तो खिशात ठेवला. पेन घेतलं नाही.

"ऱ्हाऊ दे तुज्याकडं," ते म्हणाले.