पंधराच्या पंधरा

पेपर आदल्या दिवशीच फुटला होता. रंगाच्या कारखान्यातल्या कडुबाची डोक्याची, म्हणजे लक्षात किती राहतं याची, तपासणी सोमवारी झाली आणि संध्याकाळपर्यंत त्याला विचारलेले पंधरा शब्द अर्ध्या पुंडलिकनगरात पोचले. रत्नमालानं ते नवऱ्याकडून घोकून घेतले. चहा पिताना, आंघोळीआधी, रिक्षात. तिचा सर्जेराव त्याच कारखान्यात सतरा वर्षं थिनरच्या टाक्या धूत होता. तपासणीत नापास झाला की नोकरी गेली, एवढंच तिच्या डोक्यात बसलं होतं.

तपासणीला घरच्यांना बाहेर बसवतात, पण सर्जेराव बायकोशिवाय आत यायला तयार होईना. शेवटी डॉक्टर मेघा मॅडमनी तिलाही खुर्ची दिली. मग पंधरा शब्द वाचून दाखवले. "आता आठवतील तेवढे सांगा."

"कुलूप, नदी, मामा, सतरंजी, लिंबू..." सर्जेराव थांबलाच नाही. पंधराच्या पंधरा, त्याच क्रमानं. रत्नमालाचा ऊर भरून आला.

"पूर्ण मार्क," मॅडम म्हणाल्या, पण कपाळावरची आठी काही गेली नाही. "म्हणजे उद्यापासून परत टाकीवर. थिनरच्या वासानं विसरायला होतं, म्हणून ज्यांना कमी पडतात त्यांना त्या वासातून काढून पॅकिंगला देतात. पगार तोच. कंपनीनं तसं लिहून दिलंय."

स्वतःच्या पायावर धोंडा पाडला असता तर एक वेळ चाललं असतं. रत्नमालानं तो नवऱ्याच्या डोक्यात घातला होता.

"मॅडम, ह्यांना काय बी याद राहत नाय," ती उभीच राहिली. "कडुबा भावजींनी शब्द सांगितले, म्या पाठ करून घेतले. परवा पैठणला लेकीच्या सासरी जेवायला बसले अन् तिलाच इचारलं, तुझं लगीन कवा हाय?"

सर्जेराव लालबुंद झाला. "लोकापुढं इज्जत घालवती का माझी? मॅडम, दुसरं इचारा. काय बी इचारा!"

मॅडमनी दुसरा कागद काढला आणि सावकाश वाचला. आरसा, घोडा, मीठ, शाळा... पंधरा शब्द संपले.

सर्जेरावनं तोंड उघडलं, मिटलं. कपाळावर घाम आला. मग त्यानं सवयीनं बायकोकडं पाहिलं.

रत्नमालाला सगळे आठवत होते. तिनं पदराचा बोळा तोंडात कोंबला आणि मान खाली घातली.