उपटलेली रोपं

खारफुटीची रोपं पुन्हा उपटलेली होती, तीही मधल्याच पट्ट्यातली. दोन्ही बाजूंची चिखलात पाय रोवून ताठ उभी होती.

"जनावराचं काम असेल," तिचा दीर म्हणाला. ओहोटीच्या वेळी राखणीला तोच असायचा.

"जनावर बरं मधलीच निवडून काढतं, भावजी?"

तो खाली मान घालून पायाचा चिखल खरवडत बसला. चोराच्या मनात चांदणं, तिने मनाशी म्हटलं.

समुद्र दरवर्षी बेटाचा घास घेत होता. पुढच्या रांगेतली घरं गेलीच होती. लागवड बायकांनी अंगावर घेतली होती आणि पुढारीण ती. मागची लागवड वाया गेली, तेव्हा गावाने बजावलं होतं, हीसुद्धा जगली नाही तर बेट सोडायचं. आणि सभेत कुरकुर कुणाची? याचीच. होडीला वाट ठेवा म्हणे! त्यालाच राखणीला बसवलेलं. कुंपणच शेत खातंय, दुसरं काय! तिला संताप आला, आणि घरचाच माणूस म्हणून लाजही वाटली.

दुसऱ्या दिवशी गाव दुपारचं पेंगत असताना ती पालथ्या होडीआड दबा धरून बसली. पाणी हटलं. दीर बांधावरच होता. तेवढ्यात चिखलात कुणीतरी उतरलं, आणि अडवायचं सोडून हा चक्क पाठ फिरवून उभा राहिला. म्हणजे दोघं सामील! पदर खोचून ती धावली.

वाकून रोपं उपटत होता तो तिचा सासरा.

"मामंजी, तुम्ही? आणि भावजी, तुम्ही नुसते उभे?"

"कसं अडवू, वहिनी? तुम्हीच सांगा."

म्हाताऱ्याने हात थांबवला नाही. "थोरला येईल ना. एवढी झाडी माजली तर होडी कुठून आत घेईल पोर माझं?"

थोरला म्हणजे तिचा नवरा. दोन वर्षांपूर्वीच्या वादळात गेला. होडीची फळीसुद्धा हाती लागली नव्हती. ती रडून मोकळी झाली, कामाला लागली. म्हातारा मात्र तेव्हापासून त्याच्याबद्दल अवाक्षर बोलला नव्हता.

ती खाली बसली आणि कडेचं एक रोप तिने मुळांसकट अलगद काढून पलीकडे रोवलं.

"अजून एक रांग सरकवू या, मामंजी," ती म्हणाली. "त्यांची होडी रुंद आहे."