कधीच न वाजलेला भोंगा

अणुकचऱ्याच्या कोठाराची वार्षिक तपासणी उरकून तपासनीस साहेब दारातल्या यंत्रापाशी थांबले. बाहेर पडणाऱ्याच्या अंगावर किरणोत्सर्ग असला, की ते यंत्र भोंगा वाजवायचं.

"शेवटचा कधी वाजला होता?"

"कधीच नाही, साहेब," कोठार सांभाळणाऱ्या मॅडम अभिमानानं म्हणाल्या.

"म्हणजे बंद पडलाय." साहेबांनी नाक मुरडलं आणि यंत्रात पाऊल ठेवलं.

भोंगा असा काही बोंबलला की मॅडमचा चष्मा नाकावरून घसरला.

बूट तपासले, कोट तपासला. दोन्ही स्वच्छ. शेवटी साहेबांनाच आठवलं. काल त्यांच्या हृदयाची तपासणी झाली होती आणि डॉक्टरांनी त्यासाठी किरणोत्सर्गी औषध टोचलं होतं.

"तेच वाजतंय. धोका कुणालाच नाही. निघतो मी."

"असे कसे निघता?" मॅडमनी भिंतीवरच्या पाटीकडे बोट दाखवलं. "किरणोत्सर्गी काहीही परवानगीशिवाय बाहेर न्यायचं नाही. नियम तुमचाच आहे."

"अहो, परवानगीही मीच देतो."

"मग द्या की."

"शिक्का ऑफिसात राहिलाय."

मॅडमनी सुस्कारा सोडला, पिंपांच्या रांगेशेजारी खुर्ची टाकून साहेबांना बसवलं आणि त्यांच्या खिशावर पिवळं लेबल चिकटवलं.

"आता तपासणीला कुणी आलं, की तेच तुम्हाला सोडवतील. पुढची तपासणी कधी आहे?"

"पुढच्या वर्षी," साहेब पडलेल्या आवाजात म्हणाले. "पण ती करायला मीच येतो."