कुरडई मोडल्याचा आवाज

भर आषाढात कुरडया ओल्याच राहिल्या, तेव्हा सगुणाताईंनी मृण्मयीला फोनवरच फैलावर घेतलं. "अगं, तुझ्या नव्या सॉफ्टवेअरनं शेड गार करून टाकली! लेकीचं डोहाळजेवण परवावर आलंय!"

मृण्मयी धावत आली. शेडमधली, क्रिप्टोची डिजिटल नाणी काढणारी संगणक-यंत्रं पंख्यांनी थंड ठेवायची, एवढंच मालकांनी तिला सांगितलं होतं. त्या यंत्रांच्या उष्णतेवर बायकांचं वाळवण चालतं, हे तिनं कुणाला विचारलंच नव्हतं.

"कुरडया वाळल्या हे तुम्हाला कसं कळतं?"

"मोडून बघते. आवाजावरून कळतं."

संध्याकाळपर्यंत मृण्मयीनं शेडच्या भिंतीवर माइक लावला आणि सॉफ्टवेअर बदललं: वाळलेली कुरडई मोडल्याचा आवाज येईपर्यंत पंखे बंद. दुसऱ्या दिवशी सगुणाताईंनी गरम शेडमध्ये कुरडई मोडली. कट्! भिंतीवरच्या माइकनं ऐकलं आणि पंखे आपोआप सुरू झाले.

"बघ," सगुणाताई हसल्या, "तू विचारलंस, तर यंत्रालाही कुरडया कळल्या."